चौतिसावं वाक्य

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री, गुडघ्याचा पट्टा आणि ही वही. तिसऱ्या मजल्यावर सामान चढवताना टॅक्सीवाल्याने विचारलं, आजी, बॅगेत दगड भरलेत का. म्हटलं, टाइपरायटर आहे, दगडच समज. एकतीस वर्षं कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टाइप केल्या त्याच्यावर. मोडीत द्यायला जीव होत नाही.

लेकीचं घर नेटकं आहे. ऑगस्टमध्ये आले होते तेव्हा काही पाहिलंच नव्हतं. लोक हाताला धरून नेत होते आणि मी जात होते. आज डोळे उघडे ठेवून पाहिलं. बाहेरची खोली, आत झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर, सगळीकडे पांढरी गुळगुळीत फरशी. खिडक्यांना बारीक जाळी. आणि बाहेरच्या खोलीत माझ्या कपाटाहून मोठा पिंजरा.

धाकटी बहीण म्हणत होती, पक्षी कुणाला तरी देऊन टाक, घर बंद कर, या वयात कशाला नसती उठाठेव. तीन महिने मीही तेच म्हणत होते. पण मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचा फोन आला. लेक गेल्यापासून त्याच वर येऊन पोपटाचं दाणापाणी बघत होत्या. म्हणाल्या, अहो, तो अजून तुमच्या मुलीच्या आवाजात बोलतो. मी फोन ठेवला आणि माळ्यावरून बॅग काढली.

आज किल्लीने दार उघडलं आणि आतून ती म्हणाली, "आलीस का ग? दार लाव आधी, वारा येतोय."

मी उंबऱ्यातच बसले. टॅक्सीवाला घाबरला, पाणी आणू का विचारू लागला. मी हसत होते. तिचाच आवाज, 'आधी'वरचा तो तिचा जोर, सगळं तस्संच. मग उठून दार लावलं. सांगितलेलं ऐकायची मला सवय नाही, पण लावलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पोपटाचं नाव साहेब. राखाडी अंग, लालभडक शेपटी, पिवळट डोळे, आणि बघणं असं की समोरच्याने काहीतरी गुन्हा केलाय. जन्मभर साहेबांपुढे खाली मान घालून टाइप केलं, निवृत्तीनंतर पुन्हा साहेबच नशिबी! लेकीकडे हा नऊ वर्षं होता. त्याआधी कुणा एकट्या म्हाताऱ्याकडे. त्या म्हाताऱ्याचा खोकला अजून याच्या घशात आहे. सकाळी उठल्या उठल्या खाकरतो, तेव्हा घरात कुणी पुरुषमाणूस असल्यासारखं वाटतं.

फ्रिजवर लेकीच्या अक्षरात नियमांचा कागद चिकटवलेला आहे. वारा लागू द्यायचा नाही. त्यासाठी तिने बाहेरच्या दाराला खालून रबराची पट्टीही ठोकली आहे, मुंगी शिरणार नाही अशी. सुगंधी मेणबत्ती लावायची नाही. न चिकटणारं काळं भांडं गॅसवर कोरडं तापवायचं नाही. त्यातून जे निघतं ते आपल्याला कळतही नाही, पण पोपट दहा मिनिटांत जातो. माझा काळा तवा मी तसाच बॅगेत राहू दिला. रोज तीन तास पिंजऱ्याबाहेर. रोज परातीत आंघोळ, आणि मग फरशी लगेच पुसायची, यावर तीन उद्गारचिन्हं. शेवटचा नियम लाल शाईत: त्याच्याशी बोलत राहायचं. गप्प माणूस त्याला सहन होत नाही.

हे तिने पोपटाबद्दल लिहिलंय, मला टोमणा नाही, असं स्वतःला दोनदा बजावलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कामाला लागले आहे. साहेब लेकीच्या आवाजात जे जे बोलतो ते सगळं वहीच्या मागच्या पानांवर उतरवते आहे, जबानीसारखं, आकडे घालून. साक्षीदार म्हणतो तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा माझा जुना नियम. आजवर चौतीस भरली.

पहिलं, "आलीस का ग." पाचवं, "साहेब, आंघोळ?" आठवं, "अग्गंबाई, सांडलं!" एकोणिसावं, "आहे हो काकू, कामात आहे, नंतर येते." सव्विसावं वाक्य नाही, हसू आहे. माझ्या हातून काही पडलं की हसतो, अगदी तिच्यासारखा, श्वास आत ओढून. काल मी मुद्दाम चमचा पाडला. मग पुन्हा पाडला. लहानपणी तिला हसवायला काय काय करायचे ते आठवलं आणि साठीपुढच्या बाईने अर्धा तास चमचे पाडले.

तेहेतिसावं लिहिताना हात थांबला. "आई, मी बोलतेय. रागावलीस अजून?" हे तो चार-पाच वेगवेगळ्या सुरांत म्हणतो. म्हणजे फोन करण्याआधी ती इथे बसून तालीम करायची.

चौतिसाव्यात शब्द नाहीत. नुसतं "आ… आ…", घोगरं, लांबलचक. जांभई असावी. तरी आकडा दिला.

आज साहेब पहिल्यांदा खांद्यावर बसला. मान खाली घालून माझ्या हनुवटीखाली डोकं खुपसलं आणि खाजव म्हणून थांबला. पिसांखाली इतकं ऊबदार असतं, माहीत नव्हतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शिवणवाल्या बाई आल्या होत्या. गळ्यात मोजपट्टी, तोंडात टाचण्या, आणि तरी अखंड बोलतात. मनाने चांगल्या. म्हणाल्या, वरून कसलाही आवाज आला तरी आता दचकत नाही. साहेब फोनची रिंग काढतो, दार वाजवतो, चमच्याने वाटी बडवतो. भूकंप झाला तरी मी म्हणेन साहेब खेळतोय. रिंगचं खरं आहे. तीनदा धावत जाऊन फोन उचलला मी, तीनदा तो हसला.

जाता जाता रडल्या. म्हणाल्या, त्या मंगळवारी सकाळी मी दार वाजवलं होतं हो, दोन दिवस दिसली नाही म्हणून. आतून चांगलं खणखणीत उत्तर दिलं तिने. बुधवारी बघतो तर असं.

डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट आहे: सोमवारी संध्याकाळी मेंदूत रक्तस्राव झाला, स्वयंपाकघरात पडली, वाचा गेली, अर्धं अंग लुळं पडलं, आणि मंगळवारी रात्री गेली. मंगळवारी सकाळी ती खणखणीत बोलणार कशी? बाईंचा वार चुकतोय. एकतीस वर्षांचा अनुभव आहे, साक्षीदार वाराला हमखास घसरतो.

पण त्या पुन्हा पुन्हा तेच उगाळू लागल्या, जेवायला खाली चला म्हणून हात ओढू लागल्या, तेव्हा माझा तोल गेला. जरा जोरातच म्हणाले, मला काही नको, मला एकटीला राहू द्या. बिचारी मोजपट्टी सावरत गेली. जित्याची खोड. उद्या माफी मागेन.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

माफी मागितली नाही. दुसरंच काहीतरी झालंय.

आज सकाळी साहेब म्हणाला, "साहेब, आंघोळ?" आणि मी परात ठेवता ठेवता थबकले. आवाज माझा होता.

गेले दहा दिवस परात भरताना हेच वाक्य मी म्हणते आहे, तिच्यासारखं. त्याने तिचं पुसून त्यावर माझं लिहिलं. दुपारपर्यंत वाट पाहिली. दर वेळी माझाच चिरका आवाज. पाचवं वाक्य गेलं. आठवंही दोन दिवसांत ऐकलेलं नाही. वहीत दोन काट मारल्या, आणि मग खूप रडले. ऑगस्टमध्ये इतकी रडले नव्हते.

तिचा फोटो आहे, कपडे आहेत, अक्षर आहे. आवाज फक्त याच्या गळ्यात आहे, आणि तो मी माझ्या बडबडीने खोडून काढतेय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आता सव्वीस उरली. ठरवलं. या घरात बोलायचं नाही. एक शब्दही नाही. मी गप्प राहिले तर त्याला नवं शिकायला काही मिळणार नाही, आणि जुनं टिकेल.

अबोला धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नवऱ्याशी एकदा सव्वा महिना बोलले नव्हते, त्या माणसाने शेवटी पोस्टकार्ड टाकलं होतं, राहत्या घरातून राहत्या घरात. ते हसण्यावारी गेलं. लेकीच्या वेळचं गेलं नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ती म्हणाली दोन दिवस येते, त्याहून जास्त नाही, साहेब एकटा राहिला की पिसं उपटतो. मी म्हटलं, मग त्यालाच आई म्हण. त्यानंतर अकरा महिने मी तिच्याशी बोलले नाही. ती फोन करायची, मी उचलायची नाही. मला वाटायचं, अजून थोडी वाट बघू दे, म्हणजे किंमत कळेल.

आता तिच्यासाठीच गप्प बसतेय. बहिणीला मोबाईलवर लिहून कळवलं की घसा बसलाय, फोन करू नकोस. दुकानात बोलायला नको म्हणून वही आणि पेन्सिल गाऊनच्या खिशात ठेवते. दुकानदार मला मुकी समजतो आणि बाकीच्यांपेक्षा चांगली भाजी निवडून देतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

टिकतंय! चार दिवसांत एकही वाक्य गेलं नाही. उलट दुपारी साहेब खिडकीत बसून तिच्या आवाजात गुणगुणला, मी आधी कधी न ऐकलेलं काहीतरी. पस्तिसावं म्हणून लिहिलं. खूप आनंद झाला, आणि तो कुणाला सांगायची सोय नाही.

फक्त एक. छातीवरची पिसं कमी दिसतात. पिंजऱ्याच्या तळाशी मूठभर निघाली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

छाती उघडी पडली. गुलाबी, सुरकुतलेली कातडी, मध्ये रक्ताचा ठिपका. प्रवासाचा छोटा पिंजरा पिशवीत घालून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तपासून म्हणाला, आजार काही नाही. घरात कुणी बोलतं का याच्याशी? मी वहीवर लिहिलं, नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, बोला याच्याशी, आजी. हा जन्मभर कुणीतरी बोलेल म्हणून जगणारा प्राणी आहे. माणूस गप्प झालं की आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं, आणि मग तो स्वतःला खातो.

परतताना टॅक्सीत पिशवी मांडीवर होती. आतून हळूच आवाज आला, "आई, मी बोलतेय. रागावलीस अजून?"

मी ओठ दातांखाली धरले. बोलले असते तर हेही गेलं असतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

शिवणवाल्या बाई आता आत येत नाहीत, पण दर शुक्रवारी दारावर येऊन विचारपूस करतात. आज दार वाजलं. उठून, चिठ्ठी लिहून, दार उघडणार, तेवढ्यात पिंजऱ्यातून माझ्या आवाजात उत्तर गेलं: "मला काही नको. मला एकटीला राहू द्या."

हुबेहूब. तेव्हा मी एकदाच बोलले होते, पण रागाने बोललेलं हे पक्षी लगेच उचलतात म्हणे. मग पावलं खाली गेली. मला हसूच आलं. सुंठीवाचून खोकला गेला.

१ डिसेंबर, रविवार

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारचे तीन. मी खुर्चीत, साहेब पिंजऱ्यावर, जवळजवळ निम्मा उघडा. आधी तिच्या आवाजात: "आई, मी बोलतेय. रागावलीस अजून?"

मग माझ्या आवाजात: "नाही ग बाळा."

हे मी बोललेले नाही. या घरात नाही. तिच्याशी फोनवर नाही. तिला मी 'बाळा' म्हणणं ती शाळेत जायला लागली तेव्हाच सोडलं. याने हे कुठे ऐकलं?

मग पुन्हा तिचा: "मग येशील?" माझा: "येते ग. निघालेच."

मी त्याच्यापुढे हात जोडून बसले. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं मनात म्हणत होते.

५ डिसेंबर, गुरुवार

रोज तीनला बोलतात. मी आधीच जाऊन बसते. त्यांचं छान चाललंय. आई लेकीला विचारते जेवलीस का, लेक सांगते गुडघ्याला शेक दे. मी ऐकते. त्यात मी नाही.

बाकीची सगळी वाक्यं गेली. आंघोळ नाही, हसू नाही, गुणगुण नाही. यादी काटून काटून पान फाटलं. तिचे म्हणून उरलेले शब्द आता फक्त या संभाषणात. आणि एकोणिसावं. आणि ती जांभई.

बहिणीचा फोन आला. तिच्या सुनेला मुलगी झाली, ती दोन महिने तिकडेच राहणार आहे. एवढ्या गोड बातमीला तरी दोन शब्द बोलावे म्हणून जिन्यात जाऊन तोंड उघडलं. आवाज नाही. घशातून नुसती हवा. बहीण हॅलो, हॅलो करत राहिली. शेवटी लिहून पाठवलं.

गरम पाणी, मीठ, मध सगळं झालं. हवाच.

८ डिसेंबर, रविवार

घशाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं. काहीच दोष नाही म्हणाला. बोला, म्हणाला. बोलता येत नाही म्हणूनच तर आले होते.

घरी आले, दारातच माझा आवाज ऐकू आला. आत मी बडबडत होते.

१० डिसेंबर, मंगळवार

क्रमाने लिहिते.

आज तीनला संभाषण झालं नाही. साहेबने आधी फोनची बटणं दाबल्याचे आवाज काढले. मग रिंग, पलीकडे वाजते तशी, बराच वेळ. मग पुन्हा बटणं. पुन्हा रिंग.

मग धाडकन काहीतरी पडलं. मग चौतिसावं. "आ… आ…" थांबून थांबून. मध्ये फरशीवर नख ओढल्याचा आवाज. हे तासभर. जांभई नव्हती ती.

मग दारावर टकटक. शिवणवाल्या बाईंचा आवाज: "अगं, आहेस ना घरात?"

आणि लगेच, खणखणीत, तिच्या आवाजात: "आहे हो काकू, कामात आहे, नंतर येते."

पावलं जिना उतरली. मग "आ… आ…" मोठ्याने. मग हळू. मग अजून हळू.

बाईंचा वार चुकला नव्हता.

ती जिवंत होती. स्वयंपाकघरातून हाका मारत होती, आणि याने दारातून परतवून लावलं. तिच्याच आवाजात.

आणि ते फोन. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. त्या सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी आणि चार वाजून बारा मिनिटांनी माझ्या मोबाईलवर तिचं नाव आलं. मी टीव्हीसमोर होते. दोन्ही वेळा पाहिलं, आणि फोन पालथा ठेवला.

११ डिसेंबर, बुधवार, सकाळ

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तो खाकरतोय. त्या म्हाताऱ्याचा खोकला. तो म्हातारा कसा गेला, कुणी विचारलंय का?

काळा तवा बॅगेतून काढला.

त्याचा दोष नाही, कळतं मला. तो पक्षी आहे. पण हा गळा जोवर चालतो तोवर ती रोज पडणार, रोज हाका मारणार, आणि रोज कुणी येणार नाही. दहा मिनिटांचं काम. तिचा आवाजही जाईल. जाऊ दे. सुटेल ती.

तो आता स्वयंपाकघरात, परातीत आंघोळ करतोय. खिडकी लावली. तवा ठेवला. गॅस मोठा. दार ओढून बाहेर उभी आहे, उभ्यानेच लिहितेय —

दुपार

दोन मिनिटंही झाली नसतील. आतून ती म्हणाली, "आई, जळतंय बघ."

यादीत नाही. हे वाक्य यादीत नाही. सहा वर्षांची असताना असं म्हणायची, ओट्याला टेकून, दूध उतू जाताना. तोच आवाज. सहा वर्षांचा. साहेब तेव्हा जन्मलाही नसेल.

मला नाही जमलं. आत धावले. गॅस बंद केला, खिडकी उघडली, वळले आणि परातीचं पाणी —

फरशी पुसायची राहिली होती.

डावा पाय बाहेर वळलाय. कमरेखाली आग. उठता येत नाही. फोन बाहेरच्या खोलीत, टाइपरायटरवर. तो बरा आहे. खुर्चीच्या पाठीवर बसून अंग झटकतोय.

१२ डिसेंबर, गुरुवार

ओरडून पाहिलं. हवा.

चमचा हाताला लागला. फरशीवर बडवला, खूप वेळ. खाली शिवणयंत्र चालू होतं. थांबलं. पुन्हा चालू झालं. साहेब खेळतोय, म्हणाल्या असतील.

परातीतलं उरलेलं पाणी प्यायले. त्यात पिसं होती.

कोपरांवर सरकत बाहेरच्या खोलीपर्यंत आले. वाटेत फरशीवर ओरखडे दिसले. बारीक, चार-चार. माझ्या बोटांच्याही पुढे गेलेले, दाराच्या दिशेने, आणि मग —

ती इथपर्यंत आली होती. बाळ माझं, इथपर्यंत —

टेबल उंच आहे. फोन वाजला. खरा. साहेबने लगेच तशीच रिंग काढली. मग दोन्ही थांबलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज शुक्रवार. ती येईल. शिवणवाली. येतेच.

चिठ्ठी लिहिली. पडले आहे, दार तोडा. दारापाशी पोचले. चिठ्ठी खालून सरकवतेय —

पट्टी. रबराची पट्टी. जात नाही. नखांनी — नाही —

पावलं

टकटक झाली. अहो, बरं आहे ना सगळं, म्हणाली. अगदी जवळ. या लाकडापलीकडे, वीतभर. मी तळहाताने दार बडवलं. तोंड उघडलं —

वरून माझा आवाज. मला काही नको. मला एकटीला राहू द्या.

नाही — थांबा — मी इथे —

तिने एक सुस्कारा टाकला. ऐकू आला. मग एक पायरी. दोन. मी मोजल्या. चोवीस.

पुढचा शुक्रवार —

नंतर

साहेब खाली उतरला. चालत आला, डुलत, अंगावर पीस नाही. तोंडाजवळ बसलाय. हनुवटीखाली डोकं घातलं. ऊबदार आहे.

आवाज काढतोय. नवा. आ… आ… तिचा नाही. माझा. मी काल रात्री कण्हले तसा, नुसत्या हवेचा. शिकला.

गप्प झाला. मान तिरकी करून बघतोय. वाट बघतोय

आता तिचा. किती हळू. "आई, मी बोलतेय. रागावलीस अजून?"

नाही ग. नाही. बोलते. आता बोलते, थांब — बाळा, मी